जुना स्टिरिओ बदलायचा की राखायचा? टप्प्याटप्प्याने ठरवा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या वाड्यांत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत, ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत अजूनही कितीतरी घरी १९७० ते १९९० च्या दरम्यान घेतलेला स्टिरिओ आहे. लाकडी पेट्यांचे दोन मोठे स्पीकर, वजनदार ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, सोबत बहुधा कॅसेट डेक. कुणी हौसेने पैसे साठवून घेतलेला, कुणाच्या काकांनी आखातातून आणलेला. आता त्याच्या एका बाजूचा आवाज जातो, बटण फिरवलं की खरखर होते, आणि घरातली पोरं म्हणतात, "बाबा, काढून टाका हे, साउंडबार घेऊ."

माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी आहे तो संच त्याच्या मूळ तब्येतीवर आणा, काही आठवडे नीट ऐका आणि मगच ठरवा. आजारी संच नव्या कोऱ्या संचाशेजारी ठेवला तर नवाच जिंकणार, पण त्यातून जुना मुळात कसा होता हे कळत नाही. दुसरं, "संच बदलायचा का" असा प्रश्न विचारू नका. "संचातला कोणता भाग बदलायचा" असा विचारा. बहुतेक घरांत याचं उत्तर एखादा भाग असतं, फार तर दोन.

आधी पाठ वाचा

ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअरची पाठ पुढे वळवून मागची पट्टी टॉर्च लावून वाचा आणि वहीत उतरवा: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, स्पीकर किती ओहमचे लावायचे, आणि मागे कोणकोणत्या जोडण्या आहेत.

व्होल्टेजचं महत्त्व फार आहे. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमध्ये विकण्यासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० चं. आखातातून किंवा सिंगापूरहून आलेल्या सॅन्सुई, पायोनियर, आकाई, केनवूडच्या बऱ्याच यंत्रांना मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. ती २२० वर असेल आणि २४० ची सोय असेल तर २४० वर करा. करवीर तालुक्यातल्या गावांत शेतीपंप बंद झाले की लाइनचं व्होल्टेज बरंच वर चढतं, आणि २२० वर ठेवलेला ट्रान्सफॉर्मर मग विनाकारण तापतो. व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर आधी, बाकी सगळं नंतर.

आपल्याकडचे फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाइन यांचे वेगवेगळ्या भागांचे संच बहुधा दुरुस्तीच्या लायकीचे असतात. रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात असलेले ऐंशीच्या दशकातले थ्री-इन-वन मात्र जिव्हाळ्यासाठी जपावेत, त्यांच्यावर मोठा खर्च करू नये. आतले भाग मुळातच स्वस्तातले होते.

थेट प्लग लावू नका

वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र सरळ सॉकेटला लावणं धोक्याचं आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे डबे) वापराविना कमजोर होतात, पहिल्याच झटक्यात शॉर्ट होऊ शकतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. शिवाय आत काय असेल ते सांगता येत नाही. पाल मरून पडलेली असते, उंदरांनी वायर कुरतडलेली असते.

वायर काढलेल्या स्थितीत झाकण उघडा, मऊ ब्रशने धूळ काढा, नाकाने वास घ्या. जळका किंवा माशासारखा वास, फुगलेले कंडेन्सर, बोर्डावर तेलकट चट्टे दिसले तर तिथेच थांबा. हे सगळं ठीक असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बल्ब लावून घ्या. म्हणजे यंत्राच्या वाटेत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तो भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी बल्बने यंत्र वाचवलेलं असतं.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) संच असेल तर आत अजिबात हात घालू नका. बंद केल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये दोनअडीचशे व्होल्ट राहू शकतात. काही जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि आतला पत्रा थेट लाइनला जोडलेला असतो. हे काम जाणत्या माणसाचं.

यानंतर मल्टिमीटर काढा. स्पीकर सोडवून ठेवा, आवाज शून्यावर, ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर दहा मिनिटं चालू. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. १०० च्या वर असेल तर दुरुस्तीशिवाय स्पीकर जोडू नका, कारण तो डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो आणि कॉइल जाळतो. पन्नास वर्षांचा चांगला स्पीकर या एका तपासणीअभावी घालवू नये.

आजार कुठे आहे ते शोधा

खर्च वाया जातो तो बहुतेक इथेच. एका बाजूचा आवाज गेला की माणूस म्हणतो, "स्पीकर गेला." मग नवा जोड आणतो, आणि आवाज तसाच.

उपाय सोपा आहे: अदलाबदल. डावा स्पीकर उजव्या टर्मिनलला लावा, उजवा डाव्याला. बिघाड स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकरच आजारी. जागेवरच राहिला तर दोष त्याच्या मागे आहे. मग रेकॉर्ड प्लेअरच्या किंवा डेकच्या ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या दोन वायरी आपसात बदला. बिघाड बाजू बदलतो का पाहा. बदलला तर ॲम्प्लिफायर निर्दोष, दोष वायरीत, सुईत किंवा डेकच्या हेडमध्ये. यंत्र बंद करून बदल करा, आवाज कमी ठेवून चालू करा. पंधरा मिनिटांत आजार एका डब्यापुरता येतो.

आता लक्षणं. बटण फिरवताना खरखर होत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ आणि गंज बसलाय. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारून बटण पुन्हा पुन्हा फिरवलं की बहुतेक वेळा भागतं. बिजागऱ्यांना मारायचं साधं तेल यात वापरू नका, ते धूळ धरून बसतं.

एक बाजू हळू आवाजात गायब असते आणि आवाज वाढवला की खाडकन येते, ही आपल्या हवेतली नेहमीची तक्रार. ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकर वाचवणारा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, असतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या ओलीत त्याच्या टोकांवर थर चढतो. रिले ही छोटी वस्तू आहे. त्यापायी अख्खा ॲम्प्लिफायर बाद ठरवू नका.

आवाज शून्यावर असतानाही जाड गुंजारव ऐकू येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर थकले आहेत. गुंजारव फक्त रेकॉर्ड प्लेअर लावल्यावर येत असेल तर त्याची अर्थची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावली आहे का बघा. ती सुटलेली असते आणि लोक कंडेन्सर बदलून येतात.

स्पीकरची जाळी काढा. पडद्याच्या कडेला फोमची रिंग असेल तर ती पंधरा-वीस वर्षांत कुजते, बोट लावलं की भुगा होते. आपल्या दमट हवेत तर नक्कीच. रबर किंवा कापडाची कडा जास्त टिकते. चार बोटांनी पडदा समान दाबून आत ढकला. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, ४ चा साधारण ३ ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे. ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, वेगळा तपासावा लागतो, कारण पेटीत त्याच्या वाटेत कंडेन्सर असतो.

रेकॉर्ड प्लेअरचा वेग तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका. ३३⅓ आरपीएमची, ५० हर्ट्झसाठीची १८० रेघांची स्ट्रोब चकती साध्या जुन्या बल्बखाली किंवा निऑन दिव्याखाली ठेवा. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. बऱ्याच एलईडीखाली हे जमत नाही, त्यांचा प्रकाश तसा लुकलुकत नाही. अमेरिकेतून आलेला सिंक्रोनस मोटरचा, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीवर वेग ठरणारा, प्लेअर तिथल्या ६० हर्ट्झसाठी असतो. आपल्या ५० वर तो सहा भागांतले पाचच भाग वेगाने फिरतो, आणि व्होल्टेजचा कन्व्हर्टर लावून यात काहीच फरक पडत नाही. पांढरी चारचा सूर पांढरी दोनच्या आसपास उतरतो. ज्याने तंबोरा जुळवलाय त्याच्या हे लगेच लक्षात येतं, पण कितीतरी घरांत "जुनी रेकॉर्ड आहे, अशीच वाजायची" म्हणून ते ऐकून घेतात.

याचा इलाज आपल्याच गावात आहे. बेल्टवर चालणाऱ्या प्लेअरच्या मोटरवरची पुली सव्वापटीच्या किंचित आत, म्हणजे १.२ पट व्यासाची करून घ्यायची. शिवाजी उद्यमनगरात लेथवर इतकं बारीक पितळी काम करणारे हात आहेत. मोजताना पट्ट्याची जाडीही धरायला सांगा, मूळ पुली सोबत न्या, आणि नवी पुली बसवल्यावर स्ट्रोबवर तपासा.

काय दुरुस्त करायचं, काय नाही

फोम रिंग, थकलेले कंडेन्सर, रिले, पट्टे आणि सुई हे सगळं झिजण्यासाठीच बनलेलं असतं, त्यामुळे बदलायला संकोच नको. कॅसेट डेकचा जुना पट्टा तर कधी कधी डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो स्पिरिटने पूर्ण पुसल्याशिवाय नवा घालू नका.

कंडेन्सर सरसकट सगळे बदलायचा आग्रह मला पटत नाही. पॉवर सप्लायचे, तापणाऱ्या भागांजवळचे आणि स्पीकरच्या पेटीतले बायपोलर (अधिक-उणे टोक नसलेले), एवढे आधी. तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकशेजारचे लवकर जातात. चांगल्या स्थितीतल्या बोर्डावर गरज नसताना शंभर ठिकाणी सोल्डरची इस्त्री टेकवली तर तांब्याच्या पट्ट्या उचकटतात, नवे बिघाड शिरतात.

आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा तेच काम एकटीने करणारी एसटीके मालिकेतली आयसी उडाली असेल तर सावध राहा. बंद पडलेल्या बनावटीच्या नावाने बाजारात नकली माल भरपूर आहे. तो महिनाभर चालतो आणि जाताना आजूबाजूचे भागही घेऊन जातो. जुन्या बंद यंत्रातून काढलेला अस्सल भाग नव्या नकलीपेक्षा कधीही बरा.

कारागीर निवडताना त्याने याआधी असं यंत्र उघडलंय का ते विचारा. काम देताना आधी आतले फोटो काढून ठेवा आणि स्पष्ट सांगा: "मामा, बदललेला एकही भाग फेकू नका, पिशवीत घालून मला परत द्या." चांगला कारागीर यावर रागावत नाही. उलट कोणता भाग का बदलला ते दाखवून सांगतो. आपल्याकडे अशी जुनी, जाणती माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याकडे काम जात राहिलं तरच ती या कामात टिकतील.

फोम बसवून आलेल्या स्पीकरची दिशा मात्र स्वतः तपासा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, अधिक टोक लाल टर्मिनलला, उणे काळ्याला, क्षणभर टेकवा. दोन्ही पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर जोडणी उलटी झालीय. मग खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसलेला वाटत नाही.

महापुरात बुडालेल्या संचाबद्दल वेगळं बोलायला हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कच्या सखल भागांत घराघरांत शिरलं. पाण्यात राहिलेल्या पार्टिकल बोर्डाच्या पेट्या फुगतात, त्या परत बसत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये चिखलाचं पाणी गेलं असेल तर तो वाळला तरी भरवशाचा नाही. अशा यंत्रातले धातूचे भाग, बटणं, पॅनेल दुसऱ्यासाठी जपा आणि बाकीच्याला मनापासून निरोप द्या.

खोलीवर खर्च नाही, तरी फरक मोठा

जुन्या वाड्यातल्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि कपाटं आवाज थोडा शोषून घेत. तोच संच नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर आणि मोकळ्या भिंतींसमोर कर्कश वाटतो आणि दोष स्पीकरवर येतो. सतरंजी घाला, जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला आणा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे आणा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

आता ऐका, घाई न करता

उस्ताद अल्लादिया खाँसाहेब छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी होते, जयपूर-अत्रौली गायकी या गावात वाढली. आपल्या घरांत ख्याल, नाट्यपद, भावगीत जास्त वाजतं. तेव्हा संचाची परीक्षाही त्याच संगीताने घ्या. स्फोटांच्या आवाजांनी आणि गडगडाटाने दुकानदार प्रभावित करतो, त्यातून तुम्हाला उपयोगाचं काही कळत नाही.

तंबोऱ्याची जव्हारी सलग, दाणेदार ऐकू येते का? डग्ग्याची घुमारी सुटी राहते, की चिखलासारखी पसरते? तार सप्तकात 'स'चा 'श' झाल्यासारखा आवाज फुटतो का? फुटत असेल तर आधी सुईवर संशय घ्या. हळू आवाजात शब्द कळतात का? तासभर ऐकून कान शिणतात का? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो.

ऐकता त्या साहित्याची मर्यादाही ओळखा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत वरच्या पट्टीतले बारकावे मुळातच फारसे नाहीत. त्यांच्यासाठी महागडा ट्वीटर घेऊन काही मिळणार नाही. सुई मात्र बरोबर हवी. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला १८ च्या आसपासचं. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच ऐकवते.

बदलायचंच तर या क्रमाने

पहिला नंबर सुईचा आणि ज्यात ती बसते त्या कार्ट्रिजचा. रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या जुन्या ऑटो चेंजरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज ४ ते ६ ग्रॅम वजनाने रेकॉर्डवर दाबतं, नवं मूव्हिंग मॅग्नेट दीड ते अडीच ग्रॅमवर चालतं. यात आवाजापेक्षाही तुमच्या रेकॉर्डी वाचण्याचा प्रश्न आहे. एलपीचा साठा मोठा असेल तर चेंजर शोभेला ठेवा आणि साधा, नीट बनलेला बेल्ट-ड्राइव्ह प्लेअर घ्या. घरात सगळ्यांत आधी पैसे खर्च करावेत असं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरला फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं) इनपुट नसेल तर छोटा फोनो प्रीॲम्प सोबत घ्यावा लागतो.

दुसरा नंबर स्पीकरचा, पण ते दुरुस्तीनंतरही समाधान देत नसतील तरच. नवे घेताना ओहम पाहा: ८ ओहमसाठी बनलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला ४ चे लावले तर तो तापेल. सेन्सिटिव्हिटीही पाहा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो. ९० डेसिबलचा स्पीकर ८७ च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. बरेच जुने ॲम्प्लिफायर वीस-तीस वॅटचे असतात, म्हणून हा आकडा तुमच्यासाठी महत्त्वाचा.

फोनवरचं संगीत ऐकायचं म्हणून संच बदलणार असाल तर थांबा. मागे ऑक्स किंवा टेपचं इनपुट असतंच, त्याला छोटा डॅक (फोनचं डिजिटल संगीत ॲम्प्लिफायरला चालेल असं करणारा डबा) किंवा ब्लूटूथ रिसीव्हर लावला की झालं. जुन्या फिलिप्सला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर त्याची वायर कारागीर बनवून देतो. पोरांचं समाधान होण्यासाठी बहुतेक घरांत एवढं पुरतं.

ॲम्प्लिफायर शेवटी. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तीसचा साठ करून हाती फार काही येत नाही. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) म्हणून छापलेले हजारो वॅट तर विचारातच घेऊ नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, विचारा. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, आउटपुटचा अस्सल भाग मिळत नसेल, किंवा दुरुस्तीचा खर्च तशाच दर्जाच्या नव्या ॲम्प्लिफायरच्या निम्म्यावर जात असेल, तर मी नवा घेईन. एक तृतीयांशापर्यंत असेल तर डोळे मिटून दुरुस्ती. मधल्या पट्ट्यात घरच्यांचा जीव किती गुंतलाय ते पाहावं. वडिलांनी हप्ते भरून घेतलेल्या यंत्राला थोडं जास्त दिलं तर ते पैसे योग्य ठिकाणी गेले असं मी मानतो.

साउंडबार सिनेमासाठी आणि बातम्यांसाठी चांगला. दोन सुट्या स्पीकरांमधून गायक मधोमध आणि तबला त्याच्या बाजूला असं जे चित्र उभं राहतं, ते एका लांब पट्टीतून तसं उभं राहत नाही. संगीत ऐकणाऱ्या घराने तो टीव्हीखाली ठेवावा आणि स्टिरिओ वेगळा राहू द्यावा.

जुनं काही मुंबईहून, लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजारातून आणणार असाल तर तिथे वाजवून, गरम होईपर्यंत ऐकूनच पैसे द्या. रेकॉर्ड प्लेअर आणताना वरची जड चकती काढून वेगळी गुंडाळा, आर्म बांधा, वजनाचा मागचा गोळा काढून खिशात ठेवा.

नवा भाग घरी आला तरी जुना लगेच विकू नका. एक पावसाळा जाऊ द्या. तोवर जुना ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, प्लॅस्टिकच्या ऐवजी सुती कापडाने झाका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. दसऱ्याच्या सुमारास दोन्ही आलटून पालटून जोडा, तीच रेकॉर्ड, त्याच आवाजात ऐका, आणि जो नको असेल त्याचं गिऱ्हाईक तेव्हा शोधा.